सोमवार ते शनिवार बंद असलेल्या दारांविषयी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील सर्व चर्चचे धर्मगुरू, पाळक, सिस्टर्स, पंच आणि विश्वस्त यांस,

जय ख्रिस्त.

मी कळव्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. चौतीस वर्षे पालिकेच्या मराठी शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, महिला मंडळाचे काम पाहते. या कामाचा एक भाग म्हणून चर्चच्या हॉलच्या किल्ल्यांचा एक जुडगा माझ्याकडे असतो. हे पत्र त्या जुडग्यामुळेच लिहावेसे वाटले.

गेल्या वर्षी मी सहज म्हणून एका वहीत हॉल केव्हा उघडला आणि केव्हा बंद केला याची नोंद ठेवू लागले. रविवारची उपासना, त्याआधीची मुलांची शाळा, मंगळवारचे महिला मंडळ, शुक्रवारची प्रार्थना, अधूनमधून एखादे लग्न किंवा साखरपुडा. आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांपैकी आमचा हॉल उघडा असतो तो सात, फार तर आठ तास. उरलेला सगळा वेळ सहा पंखे, साठ खुर्च्या, दोन शौचालये, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि एक पेटी कुलपाआड असते. आणि आमच्या कुंपणाच्या भिंतीवर जो दिवा आम्ही चोरांच्या भीतीने रात्रभर जळत ठेवतो, त्याच्या उजेडात मागच्या परीक्षेच्या काळात दहावीतली एक मुलगी पुस्तक घेऊन बसत असे. तिचे घर एका खोलीचे, घरात सहा माणसे आणि एक दूरदर्शन संच. मी तिला दोन संध्याकाळी हॉलमध्ये बसू दिले. तिसऱ्या दिवशी समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला अतिशय सौम्य शब्दांत विचारले, "बाई, हिला बसू दिलेत तर उद्या वस्तीतली सगळीच मुले येतील, मग काय करायचे?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. ते आज आपणा सर्वांना उद्देशून देते आहे.

आपणांपैकी कुणी वाशी-नेरूळच्या मोठ्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू असाल, कुणी घोडबंदर रस्त्यावर भाड्याच्या गाळ्यात जमणाऱ्या पन्नास माणसांच्या मंडळीचे पाळक असाल, तर कुणी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टसारख्या, पोर्तुगीज काळाशी नाते सांगणाऱ्या चर्चच्या समितीवर असाल. कुणाचे वरिष्ठ मुंबईच्या महाधर्मप्रांतात आहेत, केरळी परंपरेच्या सिरो-मलबार मंडळींचे कल्याणच्या महाधर्मप्रांतात, आमच्यासारख्यांचे उत्तर भारतीय चर्चच्या मुंबई धर्मप्रांतात, आणि अनेक स्वतंत्र मंडळ्यांना वरिष्ठच नाहीत. प्रार्थनेची भाषाही कुठे इंग्रजी, कुठे मल्याळम, कोकणी, तमिळ, आणि मराठी त्या मानाने कमीच. एरवी आपण एका व्यासपीठावर येतो ते ख्रिस्ती ऐक्याच्या सप्ताहात, तेही चहापुरते. तरीही सर्वांना मिळून एकच पत्र लिहिते, कारण या दोन शहरांत ज्या एका गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई आहे ती गोष्ट आपणा सर्वांकडे आहे, आणि ती म्हणजे छप्पर असलेली मोकळी जागा.

ख्रिस्ती माणूस ठाण्याला नवा नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधूंना याच गावात मारले गेले, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधी. पोर्तुगीजांच्या राजवटीत चर्च उभी राहिली आणि धर्माच्या नावाखाली सक्तीही झाली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. १८२५ साली बिशप हेबर यांनी येथील सेंट जेम्स चर्चचा प्रतिष्ठापना-विधी केला. पुढच्या काळात महाराष्ट्रात ख्रिस्ती कार्याचा जो चेहरा लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र दगडी इमारतींचा नव्हता. अहमदनगरला अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य भारतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन वाढले. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले. हा सगळा वारसा आपण दर नाताळच्या स्मरणिकेत छापतो. आमच्या स्मरणिकेतला तो लेख बहुतेक वेळा मीच लिहिते, त्यामुळे या पत्रातली तक्रार माझ्याविरुद्धही आहे असे समजावे.

आज आपण काय करतो? नाताळच्या आधी घोंगड्या वाटतो. ठाण्याच्या डिसेंबरात घोंगडीची निकड किती असते हे आपण सारे जाणतोच, पण परंपरा आहे म्हणून वाटतो. जून महिन्यात वह्या देतो, ईस्टरआधीच्या उपवासकाळात धान्याची पिशवी देतो, आणि प्रत्येक वेळी मागे फलक धरून छायाचित्र काढतो. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेची माणसे दर आठवड्याला न बोलता घरोघर जातात, त्यांना यातून वगळते. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण बाकीच्या आपल्या वाटपाचे स्वरूप असे झाले आहे की घेणारा माणूस फाटकाबाहेर रांगेत उभा राहतो, पिशवी घेतो आणि फाटकाबाहेरूनच परत जातो. आवारात त्याचे काही काम असू शकते हे त्याला ठाऊक नसते आणि आपल्यालाही सुचत नाही.

मला ते ठाऊक आहे, कारण मी त्या रांगेतून आले आहे. माझे वडील नेवासे तालुक्यातले, वडाळा मिशनच्या परिसरातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी गाव सोडले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, औद्योगिक विकास महामंडळाच्या त्या पहिल्या वसाहतीत, एका कारखान्यात कामाला लागले. पंधरा वर्षांनी कारखाना बंद पडला आणि वडील दारूला लागले. आमच्या मंडळीने त्या काळात आमच्यासाठी प्रार्थना केली, दोनदा धान्य दिले आणि वडिलांना पंचांसमोर बोलावून समज दिली. समज दिल्यावर त्यांनी चर्चला येणेच सोडले. आमचे घर सावरले ते वेगळ्याच ठिकाणाहून. जवळच्या एका कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, मागच्या खोलीत दोन सिस्टर्स दुपारी दोन ते पाच शिवणकाम शिकवत असत. आईने भीत भीत विचारले की आम्ही कॅथलिक नाही, चालेल का. सिस्टर म्हणाल्या, "कात्री धरता येते ना?" आई तिथे अकरा महिने गेली. नंतर तिने घरी परकर-पोलकी शिवून आम्हां तिघा भावंडांना शिकवले. त्या खोलीत तिला धान्य कधी मिळाले नाही. मिळाली ती रोज तीन तासांची जागा, एक यंत्र आणि शेजारी बसलेल्या आठ बायका, ज्यांच्यापैकी निम्म्यांचे नवरे वडिलांसारखेच होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आपण वस्तू देणे थोडे कमी करावे आणि दारे उघडी ठेवावीत. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी, दुपारी, पावसाळ्यात रात्रीसुद्धा.

पावसाळ्याचे आधी सांगते. पारसिकच्या डोंगरउतारावर कळवा, मुंब्रा आणि पलीकडे दिघ्यापर्यंत हजारो घरे दरडीच्या तोंडाशी आहेत. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच घरातील पाच माणसे गेली. दर जूनमध्ये पालिका या वस्त्यांना स्थलांतराच्या नोटिसा देते, आणि दर जूनमध्ये लोक विचारतात की जायचे कुठे. मुसळधार पावसाच्या दोन-तीन रात्रींपुरते जवळचे, ओळखीचे, शौचालय असलेले ठिकाण मिळाले तर माणसे घर सोडतात; लांबच्या शाळेत, सामान चोरीला जाण्याच्या भीतीने, सोडत नाहीत. शिक्षिका म्हणून मी अशा तात्पुरत्या निवाऱ्यांवर ड्यूटी केली आहे, म्हणून हे अनुभवाने सांगते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या प्रत्येक मंडळीने आपला हॉल पावसाळ्यातील निवारा म्हणून प्रभाग समितीच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत आधीच नोंदवावा. त्यासाठी एक अर्ज लागतो आणि हॉलच्या चाव्या कुणाकडे असतील त्याचा मोबाइल क्रमांक लागतो.

दारूविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे. आपल्या प्रवचनांत दारू हे पाप म्हणून येते, आणि लग्नाच्या हॉलमध्ये ती पाहुणचार म्हणून येते. या दोहोंमध्ये जो माणूस अडकलेला असतो त्याच्याशी आपण बोलत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे, काम मुंबईत १९५७ पासून चालू आहे. त्यांच्या सभेला वर्गणी नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही, धर्माची अट नाही. त्यांना लागते ती आठवड्यातून दोन वेळा दीड तासाची खोली, तीही शक्यतो मागच्या दाराने जाता येईल अशी, कारण येणाऱ्याला कुणी पाहू नये असे वाटत असते. मुंबईतील कितीतरी पॅरिशनी अशा खोल्या वर्षानुवर्षे दिल्या आहेत. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केले, त्यांचे केंद्र वसईलाही आहे. म्हणजे व्यसनाला आजार समजून वागवण्याचा मार्ग आपल्याच घरातून निघालेला आहे. असे असताना ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या किती मराठी मंडळ्यांनी या गटांना खोली दिली आहे? व्यसनी माणसाच्या बायकोमुलांसाठी वेगळे गट असतात हेही आपल्या महिला मंडळांना फारसे माहीत नसते. माझ्या वडिलांना पंचांसमोर उभे करण्याऐवजी कुणी अशा खोलीचा पत्ता दिला असता तर काय झाले असते, हा विचार मी अजून करते. ते १९९४ साली गेले.

घरकामगार बायकांविषयी. घोडबंदर रस्त्याच्या, पाम बीचच्या, खारघरच्या उंच इमारतींत धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी आपल्याच मंडळ्यांच्या सभासद आहेत, आणि त्यांना राबवून घेणाऱ्या घरांपैकीही काही आपल्याच मंडळ्यांची सभासद आहेत. दुसरे वाक्य लिहिताना पेन थोडे थांबले, पण ते खोडत नाही. घरकामगारांची चळवळ उभी करणाऱ्यांत बेल्जियममधून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९८५ साली राष्ट्रीय पातळीवर हे काम सुरू केले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण कायदा झाला म्हणजे नोंदणी झाली असे नाही. २०२१ च्या टाळेबंदीत राज्य सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हा आमच्या मंडळीतल्या बावीस बायकांपैकी फक्त तिघींची नोंदणी होती. उरलेल्या एकोणीस जणींना आम्ही धान्याची पिशवी दिली आणि स्वतःला धन्य समजलो. महिन्यातून एका शनिवारी हॉलमध्ये दोन टेबले, एक संगणक आणि इंग्रजी-मराठी अर्ज भरता येणारी दोन तरुण मुले बसवली असती, तर त्या एकोणीस जणींना हक्काचे पैसे मिळाले असते. रेशनकार्ड, आधारमधील दुरुस्ती, असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी, ज्येष्ठ नागरिकांचे निवृत्तिवेतन, जातीचा दाखला ही सारी कामे अशीच आहेत. सायबर कॅफेवाला एका अर्जाचे शंभर-दीडशे रुपये घेतो. आपल्या तरुण संघातली मुले हे काम फुकट करू शकतात आणि त्यात त्यांना नाताळच्या नाटकाइतकाच रस वाटू शकतो. मी आमच्या मुलांना दोन वेळा बसवून पाहिले आहे.

नवी मुंबईतील मल्याळी मंडळ्यांना मला एक वेगळी विनंती करायची आहे. आपल्या मंडळ्यांत परिचारिकांची संख्या मोठी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रुग्णालये ज्यांच्या जिवावर चालतात त्यांत त्या आहेत. तुर्भे, पावणे, रबाळे, दिघा या भागांत दाट वस्तीत क्षयरोग आहे, आणि अर्धवट सोडलेले औषध ही त्यातली खरी अडचण आहे. सरकारच्या निक्षय मित्र योजनेत २०२२ पासून कोणतीही संस्था किंवा व्यक्ती क्षयरुग्णाच्या पोषणाची जबाबदारी किमान सहा महिने घेऊ शकते. एका चर्चने दहा रुग्ण घेतले आणि आठवड्यातून एकदा एका परिचारिकेने त्यांची चौकशी केली, तर ते काम कोणत्याही वैद्यकीय शिबिरापेक्षा मोठे होईल. शिबिरात रक्तदाब मोजतात आणि घरी पाठवतात. भाषेची अडचण येईल, हे खरे; तिथे आम्हां मराठी बायकांना बोलवा, आम्ही येऊ.

आता शाळांचा विषय, जो काढला की बैठकीत शांतता पसरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे ठरवले. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला आहे. अल्पसंख्याकांचा आपल्या शाळा चालवण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला आहे आणि तो जपला पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण कायदा आपल्याला भाग पाडत नाही म्हणून आपण स्वतःहून काही करू नये, असे कुठे लिहिले आहे? वॉचमनची मुलगी, नाका कामगाराचा मुलगा, दगडखाणीत उमेद घालवलेल्या माणसाची नातवंडे, यांना आपल्या नावाजलेल्या शाळांतून वर्गागणिक किती जागा आहेत, हे प्रत्येक संस्थेने एकदा स्वतःशी मोजावे. न्यायालयाने सांगेपर्यंत थांबलो तर ते पालन होईल, सेवा होणार नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने तिथे अनेक शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांना भूखंड दिले. त्या जमिनी मुळात ९५ गावांतील आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या होत्या, आणि त्यांच्या मोबदल्यासाठी १९८४ साली पाच माणसे गोळीबारात मेली. ज्यांच्या भातखाचरांवर आपल्या वेदी उभ्या आहेत त्यांच्या मुलांचा आपल्या शाळांवर काही हक्क आहे की नाही, हा प्रश्न मी केवळ विचारून ठेवते.

स्वतःच्या घरातील गोष्टीही बोलल्या पाहिजेत, नाहीतर बाहेरच्यांनी आपले का ऐकावे? जातीविषयी मी स्वतःच्या अनुभवाने बोलते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. या अन्यायाविरुद्ध आपण निवेदने देतो आणि द्यावीतच. पण आपल्याच समाजातल्या विवाहविषयक जाहिरातींत आणि सोयरिकींत जात पाहिली जाते, मोठ्या चर्चच्या समित्यांवर कोणत्या गल्लीतले लोक निवडून येतात हेही सर्वांना ठाऊक आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमधील जातिभेद मान्य केला, ही प्रामाणिकपणाची गोष्ट होती. ते धोरण किती पॅरिशच्या फलकावर लागले?

आणि मुलांची सुरक्षितता. २०२२ साली नवी मुंबईत एका चर्चच्या जागेत चालणाऱ्या, नोंदणी नसलेल्या वसतिगृहातून मुलांची सुटका करावी लागली आणि गुन्हा दाखल झाला, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. त्या रविवारी कुणीही त्याविषयी बोलले नाही. बालन्याय कायद्यानुसार निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यावर ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ते पंचांकडे नेऊन मिटवण्याचा अधिकार कुणालाही नाही, पाळकांना नाही आणि बिशपांनाही नाही. आपण हॉल उघडणार असू, त्यात वस्तीतली मुले येणार असतील, तर हा नियम आधी भिंतीवर लागला पाहिजे आणि त्याखाली १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक असला पाहिजे. मुलांच्या वेळेत दोन प्रौढ माणसे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही, एवढी शिस्त पाळणे अवघड नाही. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला "सोसून घे, प्रार्थना कर" असे सांगून घरी पाठवण्याची पद्धतही याच यादीत येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिच्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. पाळकांनी तिच्याबरोबर तिथपर्यंत जावे, प्रार्थना रिक्षात बसून करता येते.

याला दोन आक्षेप निघतील, पैशाचा आणि संशयाचा.

पैशाविषयी. विदेशी अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. त्यामुळे ख्रिस्ती सामाजिक संस्थांचे मार्ग आवळले गेले, अनेकांना कार्यकर्ते कमी करावे लागले. हा अडथळा खरा आहे आणि त्याविषयीचा रोष मलाही आहे. पण खोली उघडायला परदेशी पैसा लागत नाही. आमच्या हॉलचा सहा दिवस संध्याकाळी दोन तासांचा विजेचा खर्च मी इलेक्ट्रिशियनकडून काढून घेतला. तो महिन्याला वेदीवरच्या फुलांपेक्षा कमी निघाला. फुले नकोत असे मी म्हणत नाही.

संशयाविषयी. आज ख्रिस्ती माणसाने गरीब वस्तीत पाऊल टाकले की धर्मांतराची कुजबुज सुरू होते, आणि संशयाचे परिणाम कधी गंभीर होतात. फादर स्टॅन स्वामी आदिवासींमध्ये आयुष्य घालवून, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, एल्गार परिषद प्रकरणातला खटला उभा राहण्याआधीच, कोठडीत असताना जुलै २०२१ मध्ये वारले. त्याआधीचे कित्येक महिने ते आपल्याच नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात होते आणि थरथरत्या हातांनी पाणी पिण्यासाठी नळी असलेला पेला मागत होते. आपण घाबरतो ते विनाकारण नाही. पण या भीतीवरचा उपाय फाटक लावून घेणे हा नाही, असे मला वाटते, कारण बंद फाटकाआड काय चालते याचीच लोकांना शंका येते. हॉलमध्ये चालणाऱ्या कामाच्या वेळी प्रार्थना, पत्रके, पुस्तकवाटप काहीही होणार नाही, असा लेखी नियम करावा. जमाखर्च दर महिन्याला फाटकावर लावावा. शेजारच्या बुद्धविहारातील, देवळातील आणि मशिदीतील एकेक माणूस देखरेखीच्या समितीवर घ्यावा. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी केली, तेव्हा विहिरींचे पाणी आणि बिल्डरांची दहशत हा कॅथलिकांचा प्रश्न आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. हिंदू आणि ख्रिस्ती शेतकरी एकाच मोर्चात चालले. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी हेच धर्मगुरू बसले, तेव्हा काहींनी विरोध केला आणि मराठी वाचकांनी तो मानला नाही. त्यामागे सुंदर मराठी जितकी होती, तितकेच लोकांनी पाहिलेले ते मोर्चेही होते.

इतक्या गोष्टी लिहिल्यावर आपल्याला वाटेल की ही बाई सगळे एकदम मागते आहे. तसे नाही. प्रत्येक चर्चने आपल्या दाराबाहेर उभे राहून पाहावे की आपल्या गल्लीत नेमकी कुणाला जागा हवी आहे, आणि त्यातले एकच काम धरावे. कुणाच्या गल्लीत ती अभ्यासिका असेल, कुणाच्या गल्लीत कामावर जाणाऱ्या बायकांचे पाळणाघर, कुणाकडे ठाणे किंवा तळोजा कारागृहात भेटीसाठी गावाहून आलेल्या नातेवाइकांना सकाळी टेकायला एक बाक. एखाद्या उंच इमारतींच्या भागात कदाचित फक्त एकट्या म्हाताऱ्यांसाठी दुपारचा चहा. ज्यांचे हॉल भाड्याचे आहेत त्यांनी शेजारच्या मोठ्या चर्चला विचारावे, आणि मोठ्या चर्चनी त्यांना पंथ न विचारता होकार द्यावा, जसा माझ्या आईला एकदा मिळाला होता.

समितीतील ज्या ज्येष्ठांनी मला तो प्रश्न विचारला, त्यांना मी हे पत्र पाठवण्याआधी वाचून दाखवले आहे. ते म्हणाले की ठरावाशिवाय दार उघडणे नियमाला धरून नाही, आणि ते बरोबर आहे. ठराव पुढच्या मासिक बैठकीत येईल. तोवर किल्ल्या माझ्याकडे असल्याने, महिला मंडळाच्या नेहमीच्या मंगळवारच्या वेळेतले संध्याकाळी सात ते नऊ हे दोन तास आमच्या मंडळाने आपल्या अखत्यारीत वस्तीतील मुलांना द्यायचे ठरवले आहे. त्या मुलीला निरोप दिला आहे. ती आता अकरावीत आहे आणि तिने विचारले आहे की धाकट्या भावालाही आणले तर चालेल का. चटया चौदा आहेत, बहुधा कमी पडतील. कुणाच्या चर्चमध्ये जास्तीच्या पडून असतील तर कळवावे, आणायची व्यवस्था मी करीन.

आपली नम्र,
महिला मंडळाची एक कार्यकर्ती
कळवा, ठाणे